राखेचे काम

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी मधुमेह, हृदयविकार, निद्रानाश यांवर अभ्यासपूर्ण लेख येतात, आणि ते यावेतच. यंदा मी मात्र एका करड्या भुकटीविषयी लिहिण्याची परवानगी मागितली. ‘शिशाचा करडा ऑक्साइड’ हा विषय ऐकून संपादक महोदय क्षणभर गप्प राहिले. मग ‘बरं, पण वैद्यकाशी संबंध असू द्या’ अशी त्यांनी सौम्य सूचना केली. संबंध आहे. तो मला तीस वर्षांच्या व्यवसायानंतर एका रुग्णाकडून, आणि खरे सांगायचे तर काहीशा लाजिरवाण्या रीतीने, कळला.

काही वर्षांपूर्वी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक तरुण पोटदुखीसाठी माझ्याकडे येऊ लागला. मुरडा येऊन पोट पिळवटून निघे, मग दोन दिवस बरे वाटे. शौचाला साफ होत नसे. हिमोग्लोबिन ८.४. पोटावर वर्षभरापूर्वीच्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचा व्रण होता, आणि काढलेले अपेंडिक्स निरोगी असल्याचा अहवाल त्याच्याच पिशवीत होता. मी जंतांचे औषध दिले, लोह दिले, दुर्बिणीतून जठराची तपासणी करविली. व्यवसायाची चौकशी मी पहिल्याच दिवशी केली होती, एवढे माझ्या बाजूने नमूद करतो. ‘राखंचं काम करतोय की, डॉक्टरसाहेब,’ असे तो म्हणाला होता. आपल्या सीमाभागात साखर कारखान्यांना तोटा नाही. मी केसपेपरवर ‘साखर कारखाना, बॉयलर’ असे लिहिले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

आठ महिने मी त्याला लोह देत होतो. हिमोग्लोबिन नवाच्या वर गेले नाही. मग एके दिवशी त्याने सांगितले की चहाचा कप उचलताना उजवा हात मनगटातून खाली पडतो. त्याच दिवशी आपल्याच संघातील एका पॅथॉलॉजिस्ट मित्राचा दूरध्वनी आला. यंत्राने दिलेल्या आकड्यांवर समाधान न मानता त्यांनी रक्ताची काचपट्टी स्वतः पाहिली होती. तांबड्या पेशींत निळसर ठिपक्यांची रांगोळी होती. ‘हा मनुष्य बॅटरीच्या कामात आहे का?’ एवढेच त्यांनी विचारले. तो होता. त्याची ‘राख’ बॉयलरची नव्हती. गावाबाहेरच्या एका शेडमध्ये इन्व्हर्टरच्या आणि रिक्षांच्या बॅटऱ्या तयार होत. तिथे पिंपातून येणारी करडी भुकटी पाण्यात व आम्लात कालवणे आणि सायंकाळी जमीन झाडणे हे त्याचे काम होते. भुकटीला ते सारे राखच म्हणत. रक्तातील शिशाचे प्रमाण ७८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर निघाले.

ही भुकटी म्हणजे काय, हे त्यानंतर मी मुद्दाम समजून घेतले. ते येथे थोडे सविस्तर सांगतो, कारण वस्तू माहीत नसेल तर रुग्णाने सांगितलेला शब्दही आपल्याला कळत नाही.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. वितळलेल्या शिशाच्या चकाकत्या पृष्ठावर हवा लागताच मळकट साय धरते; ती त्याच्या ऑक्साइडची. सारा उद्योग या सायीवर उभा आहे, फक्त ती बारीक भुकटीच्या रूपात, टनावारी आणि अर्धवट अवस्थेत हवी असते. ‘अर्धवट’ हा शब्द महत्त्वाचा. शिशाचे पूर्ण ऑक्सिडीकरण झाले तर पिवळी किंवा तांबूस-पिवळी भुकटी मिळते, जिला जुन्या बाजारात मुरदाडशिंग आणि रसशास्त्रात मृद्दारशृंग म्हणत. (बाळगुटीतील मुरुडशेंग ही निराळी, निरुपद्रवी वनस्पती, नावांच्या जवळिकीने दचकू नये.) ती आणखी हवेत भाजली की शेंदूर होतो. मारुतीच्या आणि गणपतीच्या मूर्तींवर पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवून चढविला गेलेला शेंदूर तो हाच. बॅटरीच्या कारखान्याला मात्र साधारण पाऊण भाग ऑक्साइड आणि पाव भाग तसेच राहिलेले धातुरूप शिसे असे मिश्रण लागते. पिवळ्यात काळसर धातू मिसळला की रंग करडा होतो, म्हणून व्यापारात त्याचे नाव ‘ग्रे ऑक्साइड’.

तो करण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत वितळलेले शिसे कढईसारख्या भांड्यात फिरत्या पात्याने घुसळतात आणि त्यावर हवा सोडतात. उडालेले थेंब हवेतच ऑक्साइड होतात आणि हवेच्या झोताबरोबर बाहेर ओढले जातात. हिला बार्टन भांड्याची पद्धत म्हणतात. दुसरी बॉल मिलची. नाव तसे असले तरी बहुधा तिच्यात निराळे गोळे नसतात. शिशाचेच लहान ठोकळे फिरत्या पोलादी पिंपात एकमेकांवर घासतात, घर्षणाने तापतात, त्यांच्या अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, तो झडतो आणि हवा त्याला वाहून नेते. ही क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते, तेव्हा आतले शिसे वितळू नये म्हणून पिंपावर पाणी फवारून तापमान आवरावे लागते. या पद्धतीचा एक जनक म्हणजे जपानचे धाकटे गेन्झो शिमाद्झू. १९२० च्या सुमारास त्यांनी बॅटरीसाठी शिशाची अशी भुकटी तयार करण्याची रीत काढली. ‘जी.एस.’ या जपानी बॅटरीच्या नावात त्यांचीच आद्याक्षरे आहेत. आपल्याला शिमाद्झू हे नाव क्ष-किरण यंत्रांवरून परिचित आहे. घराणे तेच.

दोन्ही पद्धतींत पुढे चक्रवाती विभाजक आणि कापडी गाळण्या असतात. तिथे भुकटी हवेतून वेगळी होऊन बंद कोठीत पडते. मग तिच्यात पाणी, गंधकाम्ल आणि थोडे तंतू मिसळून घट्ट लेप करतात, तो शिशाच्या जाळीदार पट्ट्यांत भरतात, पट्ट्या दमट उबेत मुरवितात आणि शेवटी वीज सोडतात. एका पट्टीतील लेपाचे तपकिरी डायऑक्साइड होते, दुसरीतील लेपाचे सच्छिद्र शिसे. मुरविण्याच्या काळात उरलेले धातुरूप शिसेही ऑक्साइड होत जाते आणि लेप घट्ट बांधला जातो. अर्धवटपणा हवासा असतो तो यासाठी. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच संशोधकाने १८५९ मध्ये पहिली शिसे-आम्ल बॅटरी केली आणि १८८१ मध्ये कामिय फोर याने पट्ट्यांवर ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली. आपण दवाखान्यात वीज गेल्यावर निर्धास्त बसतो ती या लेपाच्या भरवशावर. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी फार मोठा वाटा, पाचांत चार भागांहून अधिक, आज बॅटऱ्यांतच जातो. काच, मातीच्या भांड्यांची झिलई, रबर, रंग हे ऑक्साइडांचे बाकीचे उपयोग आता तुलनेने किरकोळ. त्यांतला एक मात्र आपल्या ओळखीचा आहे: क्ष-किरण कक्षाच्या खिडकीतील ती जाड, किंचित पिवळसर काच. तिच्यातील शिशाच्या ऑक्साइडमुळेच आपण व आपले तंत्रज्ञ सुरक्षित असतो.

एवढे सांगण्यामागे हेतू आहे. हा पदार्थ निव्वळ शत्रू नाही, आणि ‘बॅटरीचे कारखाने बंद करा’ असे म्हणणाऱ्यांत मी नाही. शिसे पुन्हापुन्हा वितळवून वापरता येते, तेव्हा जुनी बॅटरी हा कचरा नसून खाणच आहे. बंद यंत्रणेत, ऋण दाबाखाली, गाळण्या वेळेवर बदलून हे काम करता येते आणि मोठे कारखाने ते करतातही. घात होतो तो पिंप उघडून फावड्याने भुकटी काढण्यात, कोरड्या केरसुणीने जमीन झाडण्यात, त्याच शेडमध्ये डबा उघडण्यात, आणि तेच कपडे घालून घरी जाण्यात.

या भुकटीचे कण बहुतांशी एक ते पाच मायक्रॉनचे असतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षापासून ठाऊक असते की हे नेमके वायुकोशापर्यंत पोचणारे माप आहे. तिथवर गेलेले शिसे जवळजवळ सगळे रक्तात उतरते. गिळलेल्या शिशापैकी प्रौढाचे आतडे सुमारे दहावा भाग घेते. लहान मुलाचे आतडे निम्म्यापर्यंत घेऊ शकते. शरीरात लोह कमी असेल तर आणखी, कारण दोघांची आत शिरण्याची वाट बरीचशी एकच आहे. म्हणजे आपल्याकडची कुपोषित, पांढुरकी मुले शिसे अधिक शोषतात, शिशाने त्यांचा रक्तक्षय वाढतो, आणि आपण त्याला नुसता लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय म्हणतो. रक्तातील शिसे महिन्याभरात निम्मे होते, पण ते जाते कुठे? बरेचसे हाडांत. तिथे ते वर्षानुवर्षे राहते आणि गर्भारपणात व अंगावर पाजताना आईच्या हाडांतून पुन्हा बाहेर येते. वार त्याला अडवीत नाही.

धुळीचे हे महत्त्व कुणी आजच शोधून काढलेले नाही. अ‍ॅलिस हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९१० पासून इलिनॉयमधील शिशाचे धंदे पायी फिरून पाहिले आणि पुढे बॅटरी कारखान्यांचाही अभ्यास केला. मालक मंडळी तेव्हा म्हणत की कामगार हात न धुता जेवतात, म्हणून आजारी पडतात; दोष त्यांच्या अस्वच्छतेचा. हॅमिल्टनबाईंनी आग्रहाने मांडले की विष मुख्यतः हातावरून नव्हे, श्वासातून जाते, आणि हवेतील धूळ आवरणे ही मालकाची जबाबदारी आहे. शंभर वर्षांनंतर माझ्या रुग्णाच्या शेडमध्ये भिंतीवर एकच सूचना होती: ‘जेवणापूर्वी हात धुवा.’

त्याच्या घरी पाच वर्षांची मुलगी होती. बाप रात्री घरी आला की ती धावत येऊन त्याच्या पायांना बिलगत असे. त्याचे कपडे घरातल्या कपड्यांबरोबरच धुतले जात. मुलीच्या रक्तातील शिसे २९ निघाले. तिला काहीही होत नव्हते, हे विशेष लक्षात घ्यावे. ती जेवत होती, खेळत होती. बालवाडीच्या बाई तिला ‘जरा चंचल’ म्हणत, एवढेच. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतील शिसे मोजले, आणि वरकरणी निरोगी दिसणाऱ्या मुलांतही शिसे जास्त तिथे बुद्ध्यंक व वर्गातील अवधान कमी असल्याचे दाखविले. त्यानंतर धोक्याची रेषा खाली-खालीच येत गेली आहे. अमेरिकेत ती १९९१ मध्ये १० होती, २०१२ मध्ये ५ झाली, २०२१ मध्ये ३.५. सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. ५ किंवा अधिक आढळल्यास स्रोत शोधून तो बंद करावा, असे तिच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत आहे.

औषधाने हे निस्तरता येईल असा आपला एक गोड समज असतो. मुलीचे आकडे पाहिल्यावर माझाही होता. पण २० ते ४४ या टप्प्यातील मुलांना सक्सिमर देऊन केलेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. रक्तातील शिसे उतरले, बुद्धीच्या कसोट्यांत मात्र फरक पडला नाही. तेव्हा ४५ च्या खाली मुलांना कीलेशनचा उपयोग नाही. स्रोत दूर करणे, लोह व कॅल्शियम देणे, ओल्या फडक्याने घर पुसणे एवढेच हाती राहते. आईवडिलांना हे समजावणे अवघड जाते. गोळी न देणारा डॉक्टर त्यांना काहीच न करणारा डॉक्टर वाटतो.

असे रुग्ण आपल्याकडे नाहीत, हे मी अनेक व्यावसायिक मित्रांच्या तोंडून ऐकले आहे. न तपासणाऱ्याला ते सापडणार नाहीत. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. तुप्पिल वेंकटेश यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या अखेरीस देशातील सात शहरांत रक्ततपासणी झाली, तेव्हा बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांत शिसे १० किंवा त्याहून जास्त आढळले. त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे होते. ते २००० मध्ये देशभर थांबले आणि एक मोठा स्रोत गेला. आपल्यापैकी अनेकांनी तिथेच हा विषय मनातून काढून टाकला. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे एक तृतीयांश मुलांत, म्हणजे ८० कोटींपर्यंत, शिसे ५ किंवा अधिक आहे, आणि त्यांतली २७ कोटींहून अधिक मुले एकट्या भारतात आहेत. हे अंदाज आहेत, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. पण पेट्रोल गेल्यावरही आकडा एवढा का, याचे एक ठळक उत्तर त्याच अहवालात आहे: बॅटऱ्यांचे उघड्यावरचे, अनौपचारिक पुनर्चक्रीकरण.

त्याचे टोक पाहायचे तर सेनेगलची राजधानी डाकारजवळचे चारॉय-सुर-मेर पाहावे. तिथे बॅटऱ्या फोडणाऱ्यांनी वर्षानुवर्षे टाकलेल्या मातीत शिसे होते. भाव वाढला तशी गावकरी बायकांनी ती माती चाळून, पोती भरून घरात ठेवायला सुरुवात केली. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथे झटके येऊन १८ लहान मुले दगावली. सुरुवातीस कुणाला कारण कळले नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच जाव्यात यासाठी २००१ चे नियम होते, त्यांची जागा २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली. कागद चांगला आहे. परंतु नाक्यावरचा भंगारवाला रोख पैसे देतो आणि पावती मागत नाही, आणि जुनी बॅटरी कुणाला दिली हे आपल्यापैकीही किती जणांना सांगता येईल? दवाखान्याच्या इन्व्हर्टरची बॅटरी तीन-चार वर्षांनी बदलावी लागते. माझी मागची कुठे गेली, मला ठाऊक नाही. ई-रिक्षांनी हा ओघ आता आणखी वाढविला आहे; शिसे-आम्लावर चालणाऱ्या एका रिक्षाला साधारणतः चार बॅटऱ्या लागतात आणि त्या घरातल्या बॅटरीपेक्षा पुष्कळ लवकर संपतात.

कारखान्याच्या हवेविषयी थोडे. अमेरिकेने १९७८ मध्ये शिशाची मर्यादा दर घनमीटर हवेला ५० मायक्रोग्रॅम ठरविली. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टातील आकडा ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या तिप्पट होता. भारतीय फुप्फुस तिप्पट सोशिक असते, असे निदान मला तरी कुणी शिकविले नव्हते. पण त्या अमेरिकन नियमातील मला अधिक मोलाची वाटणारी बाब दुसरीच आहे. रक्तातील शिसे ठरावीक पातळीवर गेले की कामगाराला त्या कामावरून बाजूला करायचे, आणि अठरा महिन्यांपर्यंत त्याचे वेतन व हुद्दा राखायचा. कामावर ठेवूनच प्रतिबंधक म्हणून कीलेशन देत राहण्यास तिथे मनाई आहे, आणि ती योग्य आहे. गळक्या छपराखाली बसून अंग पुसत राहण्यासारखेच ते.

आता सर्वांत नाजूक भाग. कारखाने अधिनियमाच्या कलम ८९ नुसार तिसऱ्या परिशिष्टातील रोग झालेला कामगार तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना विनाविलंब लेखी कळविणे बंधनकारक होते. त्या परिशिष्टात शिशाची विषबाधा होती. न कळविल्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड होता, आणि निदान शासकीय डॉक्टरने प्रमाणित केल्यास कळविणाऱ्याला शुल्क देण्याचीही तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. डॉक्टरचे हे कर्तव्य तिच्यातही कायम आहे. मी संघाच्या मासिक बैठकीत सहज विचारले की असा अहवाल कुणी कधी पाठविला आहे काय. एकही हात वर झाला नाही. माझाही नाही.

कारण, मी पाठविला नाही. त्या तरुणाला मोठ्या रुग्णालयात पाठवून कीलेशन झाले, मनगटात पुष्कळशी शक्ती परत आली. अहवालाचा विषय मी काढला तेव्हा त्याने हात जोडले. ‘साहेब, नाव कळवलंसा तर मला तर काढतीलच, माझ्याबरोबरची पोरंबी घरला जातील,’ असे तो म्हणाला. शेडचा मालक त्याचा दूरचा नातेवाईक होता. मी स्वतःला सांगितले की रुग्णाची गोपनीयता श्रेष्ठ आहे. हे अर्धसत्य होते. उरलेले अर्धे असे की तपासणी, पत्रव्यवहार, कदाचित न्यायालय, हे सारे मला नको होते. त्याच्याबरोबर शेडमध्ये आणखी सहा जण होते. त्यांची रक्ततपासणी व्हावी म्हणून मी निरोप धाडले, दोघे आले. पाच-सहा महिन्यांनी शेड तिथून उठली आणि दुसऱ्या तालुक्यात गेली, असे कळले. त्या अहवालाने शेड सुधारली असती की नुसती आधीच हलली असती, सांगता येत नाही. परंतु चार माणसांचे रक्त तपासले गेले नाही, ते माझ्यामुळे.

कायद्याचा हेतू त्या एका रुग्णाला उघडे पाडण्याचा नाही. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्यांना गाठण्याचा आहे, हे मला तेव्हा रुग्णाला नीट सांगता आले नाही. शिवाय नोंद झाली तरच नुकसानभरपाईची वाट उघडते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून शिशाची विषबाधा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे आणि आताच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. डॉक्टरचा कागदच नसेल तर तो कामगार दावा तरी कशावर करणार?

यावर काही सहकाऱ्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे: शिशाची तपासणी सर्वत्र होत नाही, महाग पडते, आणि प्रत्येक पोटदुखीला ती कशी सांगावी? सांगूच नये. बेरनार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये व्यवसायजन्य रोगांवरचा ग्रंथ लिहिताना रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घातली: तुझा धंदा कोणता? हा प्रश्न फुकट आहे. मात्र उत्तर ऐकून थांबता कामा नये. ‘मजुरी’, ‘कंपनीत’, ‘राखेचे काम’ ही उत्तरे नव्हेत. हाताने नेमके काय करता, धूळ कोणती, कपडे कुठे धुता, घरात कुणी बॅटऱ्या फोडते का, एवढे चार उपप्रश्न विचारले तर तपासणी कुणाला हवी हे बहुधा आपोआप कळते. ज्याचा रक्तक्षय लोहाने हलत नाही, ज्याचे पोट वारंवार दुखते पण सोनोग्राफी स्वच्छ येते, ज्याचा रक्तदाब तरुणपणीच वाढला आहे, त्याला तर ते विचारावेतच. आणि पॅथॉलॉजिस्ट मित्रांना विनंती अशी की अशा रुग्णाची काचपट्टी यंत्रावर न सोडता डोळ्यांनी पाहावी. ठिपके थॅलसेमियातही दिसतात, हे खरे. पण दिसल्यावर एक दूरध्वनी करावा. माझ्या रुग्णाचे निदान त्या दूरध्वनीने झाले, माझ्या आठ महिन्यांच्या औषधांनी नव्हे.

संघापुढे मी दोन गोष्टी ठेवू इच्छितो. रक्तातील शिशाच्या तपासणीसाठी नमुने महिन्यातून ठरावीक दिवशी एकत्र गोळा करून पाठविण्याची सोय संघाने करावी. एकत्र पाठविल्यास खर्च कमी येईल आणि नमुना योग्य, शिसेमुक्त नळीतच घेतला जाईल. दुसरे, मुख्य निरीक्षकांना पाठवायच्या अहवालाचा छापील नमुना सर्व सभासदांना द्यावा आणि तो वैयक्तिक डॉक्टरऐवजी संघाच्या आवरणपत्रासह जावा. लहान गावात एकट्या डॉक्टरला जे जड वाटते ते पन्नास जणांच्या संघाला वाटू नये. यावर मतभेद होतील, ते बैठकीत व्हावेत.

ती मुलगी आता सातवीत आहे. बापाने ते काम सोडले. तो टेम्पो चालवितो. तिचे शिसे दोन वर्षांत २९ वरून १० वर आले, मागील तपासणीत ४ होते. गणित जमत नाही, म्हणून गेल्या महिन्यात तिची आई तिला घेऊन आली होती. हे शिशामुळे का, असे तिने विचारले. गणित पुष्कळांना जमत नाही, असे मी तिला सांगितले, आणि शाळेतल्या बाईंना भेटण्यासाठी चिठ्ठी लिहून दिली.